कोण बोलते याच्याकडून?

पार्बताकाकूला मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच खिडकीच्या फुटलेल्या काचेतून. काच तिनंच फोडली होती.

मी तेव्हा नवी नवरी. पुसदहून वणीला आलेली, बी.ए. झालेली, आणि आपण बी.ए. आहोत हे चालण्यातूनही कळावं अशा बेतानं चालणारी. वणीत काय ठेवलंय, कोळसा आणि ट्रक, हे माझं मत मी कोणी न विचारता सांगत असे. घर कसं सजवावं याची कात्रणं मी मासिकांतून कापून हुंड्यासारखी सोबत आणली होती. त्याबरहुकूम बैठकीत शोकेस, शोकेसमध्ये काचेचं बदक आणि बदकाच्या शेजारी प्लास्टिकचे गुलाब. एका दुपारी त्या गुलाबांवरची धूळ पुसत होते. खळ्ळकन आवाज झाला, खिडकीतून एक दगड आला आणि बदकाचं मुंडकं उडालं.

बाहेर पाहिलं तर शेजारच्या परसात एक धिप्पाड बाई. लुगड्याचा काष्टा घट्ट, कपाळावर घाम, हातात गोफण. आमच्या मधल्या कुंपणावरून काळ्या तोंडाची वानरं पळत होती आणि त्यांच्यामागे तिच्या शिव्या.

"काकू, तुमचा दगड आमच्या घरात आला," मी पुस्तकी मराठीत म्हणाले.

"मंग? वानराले लागला नाई, तुले लागला नाई. लागला कोणाले?"

"बदकाला."

"बदक पाळलं काय तुनं?"

"काचेचं आहे."

ती कुंपणापाशी आली, फुटक्या खिडकीतून आत डोकावली आणि माझा संसार नजरेनं उलटापालटा करून म्हणाली, "काचेचं बदक, पिलास्टिकचं फूल. नवरा तरी खरा हाय का वो पुसदवाली?"

माझं नाव तिनं कधी विचारलं नाही. शेवटपर्यंत मी पुसदवालीच राहिले. संध्याकाळी मात्र तिचा नवरा नामदेवकाका नवी काच घेऊन आला, एक शब्द न बोलता बसवून गेला आणि जाताना ओटीभर वांगी ठेवून गेला. वांग्यांना काटे होते. त्या घरातलं सगळं काट्यांसकट यायचं.

नामदेवकाका खाणीत सुरुंग लावणाऱ्या टोळीत होता. दुपारी भोंगा वाजायचा, मग जमिनीखालून कोणीतरी लाथ मारावी तसा दणका बसायचा. भांडी खुळखुळायची, कौलं सरकायची, भिंतीला नवी चीर जायची. सुरुंगांनी काकाचे कान गेले होते, त्यामुळे त्याला त्या दणक्याचंही काही नव्हतं आणि बायकोच्या आवाजाचंही. "तो तिकडे फोडते, मी इकडे लिपते," पार्बताकाकू म्हणायची. "असा आमचा संसार हाय."

लिपणं म्हणजे तरी काय? चिरेत ती आधी चुना भरायची, अंगठ्यानं, भिंतीचा जीव घेतल्यासारखा दाबून. पण चीर झाकायची नाही. चीर जशी गेली असेल तशीच्या तशी तिच्यावरून गेरूची रेघ ओढायची, की झाला वेलाचा देठ. मग त्याला पानं, नीळ कालवून गोकर्णाची फुलं, हळदीनं दोडक्याची. दुसऱ्या वर्षी चीर पुढे सरकली की वेलही पुढे. मी पहिल्यांदा तिच्या घरात गेले तेव्हा बैठकीच्या तीन भिंती वेलांनी भरल्या होत्या आणि एक वेल दारावरून वळून देवघराकडे निघाला होता. पाहुणे तोंडात बोटं घालायचे. नामदेवकाका एखाद्या वेलावर हात ठेवून गंभीरपणे सांगायचा, "हा मी लावला."

मी माझ्या भिंतीची चीर कॅलेंडरनं झाकली होती. मासिकात तसंच होतं. आठ दिवसांत भोंगा वाजला, दणका बसला, खिळा निसटला आणि कॅलेंडर आमच्या ह्यांच्या वरणात पडलं. पार्बताकाकू इतकी हसली की तिला कुंपण धरावं लागलं. मी मात्र फुगून बसले होते. किती फुगायची मी! आज तशी नातसून मिळाली तर मी तिला रोज टाचणी लावीन.

आता तिच्या परसाविषयी. लोक म्हणतात, बाग शांत असते. ज्यांनी बाग लावली नाही ते म्हणतात. पार्बताकाकूचा परस म्हणजे रणांगण होतं. लिंबू, डाळिंब, शेवगा, कढीपत्ता, वालाचा मांडव, मोगऱ्याचे वाफे, आणि त्या सगळ्यांच्या शत्रूंशी तिची रोजची लढाई. अळ्या ती चिमटीत फोडायची आणि बोटं पदराला पुसायची. उंदराला कुदळीनं. एकदा मोगऱ्यात घोणस निघाली, तिचे तिनं फावड्यानं तीन तुकडे केले आणि गुलाबाच्या मुळाशी पुरले. "फूल लाल येते," म्हणाली. कोळशाची काळी धूळ पानांवर बसली की जुन्या धोतराचा ओला बोळा घेऊन ती एकेक पान असं घासायची, जसं शाळेला उशीर झालेल्या पोराचं तोंड घासावं. झाडं तिला घाबरून वाढत होती असं माझं मत आहे.

तिचं प्रेमही तसंच. पाठीवर थाप मारली की खोकला यायचा. संध्याकाळी परसात खाट टाकून ती, काका आणि पोर वनिता भाकरी-ठेचा खात बसायचे. काका ऐकू न येता हसत असायचा, काकू ओरडून ओरडून त्याला दिवसभराची लढाई सांगायची, आणि दहा वर्षांची वनिता बापाच्या मांडीवर डोकं ठेवून आईच्या बोलण्याच्या खुणा करून त्याला दाखवायची. मीही हळूहळू तिथे वाटी घेऊन जायला लागले. प्लास्टिकचे गुलाब कधी फेकले ते मला आठवत नाही.

त्या परसातली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच घडलं.

झाड फळत नसेल तर त्याला धमकवायचं. ही रीत आमच्याकडे जुनी आहे. एकानं कुऱ्हाड घेऊन झाडासमोर उभं राहायचं, दुसऱ्यानं बाजूला. कुऱ्हाडवाला म्हणणार, "फुकटचं पाणी पिते, तोडतोच आज." आणि कुऱ्हाड उगारून विचारणार, "कोण बोलते याच्याकडून?" मग बाजूच्यानं झाडाच्या वतीनं हात जोडायचे: "राहू द्या, या सालचं राहू द्या. पुढच्या साली देईन तो." मग कुऱ्हाड खाली. झाड घाबरतं आणि पुढच्या वर्षी लगडतं, असा हिशोब.

तिच्या पेरूला फळ येत नव्हतं. तिनं मला बाजूला उभं केलं, काय बोलायचं ते पढवलं. मी बी.ए.! अंधश्रद्धा निर्मूलनाचा उत्साह तोंडावरून ओसंडत होता. तिनं कुऱ्हाड उगारली आणि पेरूवर ओरडली, "कोण बोलते याच्याकडून?"

मी म्हणाले, "तोडा ना काकू. उगीच जागा अडवतोय."

मला वाटलं होतं ती हसेल. तिचा चेहरा असा झाला, जणू मी तिच्या पोरीला शिवी दिली. मग तिनं कुऱ्हाड घातली. एक, दुसरी, तिसरी, पेरू आडवा होईपर्यंत. ढलप्या माझ्या नव्या साडीवर उडत होत्या. दम खात ती माझ्याकडे वळली.

"उगारली अन् कोणी बोललं नाई, तं घालाच लागते. नाई घातली तं बाकीचे झाडं काय समजतीन? का ही बाई नुसती बोलते."

"पण काकू, मी गमतीनं..."

"झाडाले गंमत समजत नाई."

त्या पावसाळ्यात ती माझ्याशी बोलली नाही. दिवाळीत रंग कालवताना मीच जाऊन बसले, तिनं माझ्या हातात नीळ दिली आणि मिटलं. पुढे दरवर्षी मी तिच्या झाडांची वकील झाले. लिंबू, डाळिंब, एकदा तर एक मुकं कारलं. कुऱ्हाड वर गेली की माझे हात आपोआप जुळायचे. माझ्या आयुष्यात इतक्या मनापासून मी देवासमोरही कोणाची बाजू घेतली नाही.

वनिता मोठी झाली. बारावी झाली, स्थळं आली. पार्बताकाकू घाटंजीकडचं एक घर पाहून आली आणि तीन दिवस त्या घराचंच वर्णन करत होती. "खालती गुळगुळीत फरशी वो पुसदवाली! भिंती अशा साफ, एक चीर नाई. तिकडे खाण नाई ना. गुलाबी रंग मारला हाय. मोरीलेही टाइल्स!" जन्मभर भेगा लिपणाऱ्या बाईला बिनभेगांचं घर सापडलं होतं. मुलगा कसा आहे, असं मी विचारलं. "चांगला हाय," ती म्हणाली. "चहा पेला, कमी बोलला." लग्न झालं.

पहिल्या दिवाळीला वनिता आली तेव्हा डोळ्याखाली निळं होतं. दार लागलं म्हणाली. संक्रांतीला हात सुजलेला. पडले म्हणाली. मग खोटं बोलायचाही तिला कंटाळा आला, पण दरवेळी तीच नवऱ्याची बाजू घ्यायची: "जाऊ दे ना माय. कामाचा ताप असते त्यायले. सुधरतीन." पोरगी झाली की सुधरतील. पोरगी पाळण्यातून उतरली की सुधरतील. पार्बताकाकू ऐकायची, वालाच्या शेंगा मोडायची, आणि दरवेळी पोरीला पुन्हा बसमध्ये बसवून यायची. परत आली की त्या दिवशी परसात कोणाचं तरी मरण असायचं. उंदीर, अळी, काही सापडलं नाही तर निवडुंग.

मग एका उन्हाळ्यात वनिता आली ती छोट्या श्रावणीला कडेवर घेऊन, समोरचे दोन दात गमावून. बोलताना तिच्या तोंडातून हवा जायची. नामदेवकाकानं तिच्या तोंडाकडे पाहिलं, खाणीत गेला नाही, दिवसभर परसात बसून राहिला. ज्याला काही ऐकू येत नव्हतं त्याला त्या दिवशी सगळं ऐकू आलं होतं.

नात्यातले लोक येऊन सांगून गेले, पोरीला पाठवा, लेकराचा बाप आहे तो. "मी नाई पाठवत," पार्बताकाकू म्हणाली. पण आम्हा सगळ्यांना भीती वनिताचीच होती. नवरा येऊन दोन शब्द गोड बोलला, किंवा दोन ठेवून दिले, तरी ही पिशवी भरेल आणि निघेल. या वेळी गेली तर प्रकरण दातांवर थांबणार नाही, हे काकूला ठाऊक होतं. मलाही.

तो आला भरदुपारी, जीप घेऊन, दोघांना सोबत घेऊन. काका खाणीत. पुढचं दार काकूनं लावून ठेवलं होतं म्हणून हे तिघं मागून, कुंपण मोडून परसात शिरले. मी तिथेच होते, वाल तोडत होते. वालाचा मांडव त्यांनी पायाखाली घातला. वनिता धुणं वाळत घालत होती. त्यानं तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि ओढत निघाला. तोंडातून एक शब्द नाही. कमी बोलणारा, खरंच.

मी काय केलं? मी वाल घट्ट धरून उभी राहिले. बी.ए.!

पार्बताकाकू पडवीतून कुऱ्हाड घेऊन आली. तिचं ओरडणं नाही, शिव्या नाहीत, काही नाही. दांड्याचा पहिला तडाखा त्याच्या मनगटावर. वेणी सुटली. दुसरा मांडीवर मागून, आणि तो लिंबाखाली उताणा पडला. वरून काटे, खालून काटे. तो उठायला लागला तर तिनं त्याच्या छातीवर पाय दिला. तो पाय मी पाहिला होता. त्या पायानं ती कुदळ जमिनीत घालायची.

सोबतचा एक पुढे आला.

"तू याचा भाऊ होय का?" तिनं विचारलं.

"नाई मावशी. मी डायवर."

"मंग गाडीत जाऊन बस."

तो गेला. दुसरा न सांगता गेला.

मग तिनं कुऱ्हाड उगारली. दोन्ही हातांनी, डोक्यावर, लिंबासाठी उगारायची तशीच. आणि आमच्याकडे पाहून तोच प्रश्न, त्याच आवाजात:

"बोला. कोण बोलते याच्याकडून?"

त्याला ती रीत काय माहीत? तो खालून म्हणत होता, "मावशी, नाटकं बस करा, पोलिसात देईन." पण मला माहीत होती. इतक्या वर्षांची सवय. माझे हात वर यायला लागले, जीभ उचलली, 'राहू द्या' हे शब्द ओठांवर आले, खरंच आले. माणसाच्या जिवाचा विचार केला होता असं म्हणवून घेण्याचा मोह होतो, पण तसं काही नव्हतं. झाडांसाठी हलायची तशीच माझी जीभ हलली, इतकंच.

आणि मागून एक हात माझ्या तोंडावर आला. वनिताचा. ओला, साबणाचा. असा घट्ट की माझेही दात हलले. इतकी वर्षं ज्याची बाजू हीच घेत आली होती, त्याच्या वतीनं आज ती स्वतः बोलेना, आणि मला बोलू देईना.

पार्बताकाकू वाट पाहत होती. झाडासाठी ती इतका वेळ कधी थांबली नाही. ती माझ्याकडे पाहत नव्हतीच, मागे, वनिताकडे पाहत होती. शेवटी तिनं दांडा हातात फिरवला, धार वर, बोथट बाजू खाली, आणि घातली. गुडघ्यावर. एकदाच.

तो आवाज मी सांगणार नाही. मांडवाखालच्या चिमण्या उडाल्या. श्रावणी घरात झोपली होती, ती उठली नाही.

"ये रे डायवर," काकूनं हाक मारली. "उचल. सरकारी दवाखाना सरळ रस्त्यानंच हाय."

मग तिनं वालाचा मांडव उभा केला, जितका झाला तितका. अंघोळ केली, धुतलं लुगडं नेसली आणि पायी पोलीस ठाण्यात जाऊन म्हणाली, "मी मारलं. कुऱ्हाड घरी हाय, पाठवून देतो." साहेबानं विचारलं, का मारलं? "कोणी बोललंच नाई साहेब." साहेबाला ते कळलं नाही. कसं कळणार.

तिला काही दिवस आत ठेवलं. जामीन, मग तारखा. वनितानंही तक्रार लिहून दिली, दातांचा दवाखान्यातला कागद जोडला. दोन्हीकडच्या वकिलांनी शेवटी बसून मिटवलं. त्यानं सोडचिठ्ठी दिली आणि पोरगी मागितली नाही. कोठडीत असताना पार्बताकाकू विटेच्या तुकड्यानं भिंतीवर वेल काढत होती, असं पोलीस बायका सांगत. सुटून आली ती आधी परसात गेली. ती नसताना पाणी मी घातलं होतं.

"भरदुपारी पाणी टाकलं काय वो? मोगरा उकडला पुरा. बी.ए.त हेच शिकवते का?"

पण त्या वर्षी तिनं कुऱ्हाड काढली नाही. डाळिंब वांझ गेलं तरी नाही. मीच एकदा विचारलं, तर वेलाच्या रंगात बोट फिरवत ती म्हणाली, "आधी माहीत नव्हतं ना, का माह्या हातून होते. आता माह्याच हाताचं भेव वाटते मले." मी नीळ कालवत बसले.

पुढे खाण वाढत वाढत आमच्या घरांपर्यंत आली. मोबदला मिळाला, माणसं पांगली. वेलांच्या भिंती एका सकाळी यंत्रानं पाडल्या. मी मुलाकडे यवतमाळला आले. नामदेवकाका नव्या घरात फार दिवस टिकला नाही; म्हणे, इथे दणका बसत नाही, झोप येत नाही. वनितानं चंद्रपूर रस्त्याला रोपांची नर्सरी टाकली. तिच्या तोंडात आता दोन पक्के दात आहेत आणि ती गिऱ्हाइकावर अगदी आईसारखी खेकसते.

गेल्या हिवाळ्यात श्रावणीचा साखरपुडा नर्सरीतच झाला. झेंडूच्या कुंड्या ओळीनं लावून मंडप केला होता. पार्बताकाकू खुर्चीत बसली होती. केवढीशी झाली होती! डोळ्यांना आता उजेड-अंधार एवढंच कळतं. मी पाया पडले तर थाप मारली. खोकला आला नाही, म्हणून मलाच रडू आलं.

"पुसदवाली," ती म्हणाली. "तवा मी भिंती पाह्यल्या होत्या वो. फरशी पाह्यली. माणसाचे हात पाह्यले नाई."

इतक्यात श्रावणी नवऱ्या मुलाला घेऊन आली. उंच, सडपातळ, बँकेत आहे. तो पाया पडायला वाकला तसं काकूनं त्याचे दोन्ही हात धरले.

"बस बापू. राग आला का काय करतोस तू?"

पोरगा गडबडला. गोष्ट त्याच्या कानावर गेली असणार. "आजी, मी... मी जेवत नाही."

"कोण उपाशी राह्यते?"

"मीच."

"मंग ठीक हाय."

पण हात सोडले नाहीत. उजव्या हाताची बोटं ती एकेक करून चाचपू लागली. सांधे, नखं, तळव्याच्या कडा. फोटोवाल्यानं "आजी, इकडे" म्हटलं, तिनं ऐकलं नाही. ताटं वाढून झाली होती, माणसं खोळंबली होती. वनिता दोन कुंड्यांच्या मधे उभी राहून आईच्या बोटांकडे पाहत होती. मुलगा तसाच वाकून उभा, कंबर दुखत असणार, पण हात त्यानं ओढून घेतला नाही. उजवा हात संपला. पार्बताकाकूनं डावा घेतला आणि पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली.